उस्तादांच्या तीन फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पोटात रीळ घालावं लागतं, त्या पिढीतला. तुमच्या घरातला मोबाइल एका दिवसात जितके फोटो काढतो, तितके काढायला मला महिने लागायचे. मला म्हातारा म्हणा, हरकत नाही. आळशी मात्र म्हणू नका.

मला विकत घेतलं ते एका फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या बाईंनी. मी त्यांना मावशी म्हणतो, कारण पुढे ज्या मुलीच्या हातात मी आलो तिच्या त्या मावशी. ओळखपत्रांचे फोटो काढणं हे त्यांचं काम. मागे निळा पडदा, पुढे स्टूल, आणि त्या स्टुलावर बसलेला प्रत्येक माणूस काहीतरी गुन्हा करून आल्यासारखा गंभीर. मावशींचं एकच वाक्य मी वीस वर्षं ऐकलं, "मान सरळ, आणि हलू नका!" जो हलला त्याचा फोटो वाया. त्यामुळे हलणं ही चूकच, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. गिऱ्हाइकं म्हणायची, "कॅमेरा काय झकास आहे हो!" मावशी जरा हिरमुसायच्या आणि मी फुगायचो.

मग नवे कॅमेरे आले आणि स्टुडिओ बंद झाला. मावशींनी मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. प्रेमानंच ठेवलं, पण नऊ वर्षं ठेवलं. दमट हवेनं माझ्या भिंगावर बुरशी धरली आणि उजेड आत सोडणारं झापड, म्हणजे शटर, आखडलं. कपाट आवरताना मावशी दरवेळी मला हातात घेऊन म्हणायच्या, "फार मोलाचा आहे हा," आणि पुन्हा दार लावायच्या. त्या कौतुकाचा मला अगदी वीट आला होता.

एके दिवशी त्यांची भाची आली. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचनळ्या धुते, मुलांना प्रयोग मांडून देते.

"मावशी, वापरत नाहीस तर मला दे ना हा."

"अगं, बिघडवशील."

"बिघडलेलाच आहे तो. बघ, बटण दाबलंच जात नाहीये."

मावशींनी बटण दाबून पाहिलं. त्यांनी मला स्वतःच्या हातांनी पुसलं आणि भाचीच्या गळ्यात अडकवलं.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानं मला खोलून साफ केलं आणि मी पुन्हा कामाला लागलो. भाचीनं स्वतःलाच अभ्यास लावून घेतला. दर आठवड्याला एक रीळ, आणि एका रिळाला एकच विषय. एका आठवड्यात शाळेच्या बाकांचे पाय, दुसऱ्यात एकाच खिडकीतलं सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं ऊन. हे सगळं ती प्रयोगवहीत लिहायची. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, अगदी तुम्ही लिहिता तसं. एका पानावर लिहिलं होतं, 'निरीक्षण : छत्तीसच्या छत्तीस फोटो कोरे. निष्कर्ष : रीळ नीट अडकवलंच नव्हतं. मी गाढव.' असं लिहून ती स्वतःशीच हसली, तेव्हा ती मला फार आवडली.

तिचे बाबा मोटरसायकलचे मेकॅनिक. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते. इंजिनचा आवाज ऐकून ते दुखणं सांगायचे. पण अलीकडे त्यांचे हात थरथरू लागले होते. हातातला स्क्रू खाली पडायचा आणि ते मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "हल्ली स्क्रूसुद्धा निसरडे बनवतात!"

गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांची तरुणपणीची काळी मोटरसायकल कित्येक वर्षं धूळ खात पडली होती. आठ महिने खपून त्यांनी ती पुन्हा सुरू केली. भाचीनं त्या आठ महिन्यांचे फोटो काढायचं मोठं काम हाती घेतलं. दर रविवारी ती मला घेऊन गॅरेजमध्ये यायची. उघडं पडलेलं इंजिन, तेलानं काळी झालेली नखं, टाकीवर चढलेला रंग, सगळं मी पाहिलं. गाडी सुरू झाली त्या दिवशी बाबांनी अंगणात एक चक्कर मारली आणि भाचीनं बटण दाबलं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकंच उघडलं. फोटो इतका स्वच्छ आला की चाकाची तार न् तार मोजून घ्यावी. मी खूश, भाची खूश.

बाबांनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"छान आहे. पण ही तर स्टँडला लावलेली दिसतेय गं. आठ महिने मी मेलो ते ही धावावी म्हणून!"

खरं सांगतो, चूक माझ्या स्वभावातलीही होती. वेग दिसला की तो गोठवायचा, एवढंच मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायची बंदी केली. भाचीनं गयावया केल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "एकदाच. रिकाम्या रस्त्यावर, हळू. मग बास." बाबांनी ती गाडी आपल्या हाताखाली शिकलेल्या एका मेकॅनिक मुलीला देऊन टाकली, आणि महिन्याभरानं ती गाडी आपल्या गावी न्यायला येणार होती. त्याआधी बाबांना गाडीवर धावताना टिपायचं, तर संधी ती एकच.

भाचीनं महिनाभर तालीम केली. शाळेच्या फाटकासमोर उभी राहून ती सायकली, बस, धावणारी मुलं, जे दिसेल ते टिपायची. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ उघडं ठेवायचं आणि गाडी जाईल तसं कमरेपासून वळत तिच्यासोबत जायचं, अशी ती रीत. म्हणजे सोबत जाणारा स्पष्ट येतो आणि मागचं जग पुसट होऊन पळतं. ऐकायला सोपं आहे. पण बटण दाबताक्षणी माझ्यातून काही दिसत नाही, सगळं काळं होतं, आणि माणूस दचकून थांबतो. भाचीही थांबायची. चार रिळं फुकट गेली. वहीत निष्कर्ष एकच, 'बटण दाबल्यावर थांबले.'

शेवटी तो रविवार उजाडला. कारखान्यामागचा सरळ रस्ता रिकामा होता. मावशी रस्त्याच्या टोकाला उभ्या राहून कुणी येतंय का ते बघत होत्या. बाबांनी हेल्मेट घातलं, पण त्याचा पट्टा काही त्यांच्या हातांना लावता येईना. भाचीनं तो लावला.

"तीन फेऱ्या," भाची म्हणाली. "जास्त नाही."

पहिल्या फेरीला ती थांबली. दुसऱ्या फेरीला ती पुन्हा थांबली. तिसऱ्या फेरीला बाबा लांबून येताना दिसले. तिनं मला गालाशी घट्ट धरलं. बाबा समोर आले, बटण दाबलं गेलं, सगळं काळं झालं, आणि या वेळी ती वळतच राहिली. बाबा पार पुढे निघून गेले तरी वळतच होती.

रीळ धुऊन फोटो हाती यायला चार दिवस लागले. पहिला फोटो फिसकटलेला. दुसरा त्याहून. तिसऱ्यात भिंत, झाडं, रस्ता, सगळं रेघा होऊन पळत होतं आणि चाकं भिरभिरत होती. स्पष्ट होते फक्त बाबा आणि हँडलवरचे त्यांचे दोन हात.

बाबांनी फोटो दोन्ही हातांत धरला. कागद थरथरत होता, आणि कागदावरचे हात मात्र शांत होते.

मग ते म्हणाले, "हा डॉक्टरांना दाखवतो. म्हणतो, बघा, ऐंशीच्या वेगात हात कसा पक्का आहे."

"ऐंशी? बाबा, पस्तीस होता वेग."

"तू गप. तुला काय कळतंय गाडीतलं!" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता मला शिकव हे. गाडी नाही तर नाही. हात हलला तर सांभाळून घेईल का गं तो?"

मित्रांनो, आता आठवड्याचं एक रीळ बाबांचं असतं. त्यांचे निम्मे फोटो हललेले येतात आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. तुमच्याही घरात कुणीतरी जपून, गुंडाळून ठेवलेलं असेल. वस्तू असेल किंवा माणूस. त्याला जरूर जपा. पण आधी दार उघडा, आणि काहीतरी काम द्या.