पांढऱ्या भिंतीवरचा हात

काकांच्या टेकडीच्या पोटात गुहा होती, आणि काकांनी ती जन्मात पाहिली नव्हती. आता याला काय म्हणावं? जमीन यांची, आणि आत कोण? तर एक दातांची डॉक्टरीण, एक बस चालवणारा आणि असेच चार हौशी. दर सुट्टीला यायचे, रांगत आत शिरायचे आणि आधीच्या टवाळांनी करून ठेवलेली घाण साफ करायचे. तेही फुकट. डोकं फिरल्याशिवाय माणूस असं करत नाही, हे काकांचं ठाम मत. पण बोलायची सोय नव्हती, कारण काकूही त्यांच्यातल्याच. गुहेला लोखंडी दार त्यांनीच हट्टाने बसवून घेतलेलं. संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायच्या आणि जेवताना आतल्या गोष्टी सांगत बसायच्या. काका नुसतं हं हं करायचे.

काकू गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. खडीच्या कारखान्याचा मालक टेकडी मागत होता आणि आज उत्तर घ्यायला येणार होता. काकांचं मन जवळजवळ ठरलं होतं. एकट्या माणसाने टेकडी उराशी धरून करायचं काय? दाराची किल्ली तेवढी डॉक्टरीणबाईंकडून परत घ्यायची होती.

बाईंनी वाद घातला नाही. एकदा आत येऊन बघा, मग किल्ली घ्या, एवढंच म्हणाल्या. काका नाही म्हणणार तोवर बसवाल्याने त्यांच्या डोक्यावर दिव्याचं शिरस्त्राण चढवलंसुद्धा.

रांगताना काकांनी सगळ्यांच्या नावाने बोटं मोडली. वाट जरा रुंदावली तिथे बूट काढून स्वच्छ मोजे घालायला लावले, तेव्हा तर त्यांचा पारा चढला. मग ते उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

सगळं पांढरंशुभ्र होतं. दगडाचे पडदे इतके पातळ, की दिव्याचा उजेड आरपार जात होता. छताला दगडाच्याच बारीक नळ्या लोंबत होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक थेंब पडू की नको करत थांबलेला. एवढं बोटभर व्हायला पिढ्यान्‌पिढ्या जातात, बसवाला हळूच सांगत होता, आणि अजून वाढतंय, आत्ता आपण बघतोय तेव्हासुद्धा. काकांना धड श्वासही घेववेना. आपल्या पायाखाली, आपण भाजीवरून कुरकुरत होतो तेव्हाही, हे चालू होतं! आणि काकू सांगायच्या त्यात तिखटमीठ नव्हतंच, उलट त्यांनी कमीच सांगितलं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी दिवा भिंतीकडे वळवला. पांढऱ्या दगडावर तांबड्या चिखलाचा एक हात उमटला होता. करंगळी जरा वाकडी. काकांनी ओळखला.

शेवटच्या खेपेला काकूंचा पाय घसरला, हातमोजा नेमका काढलेला, तोल सावरायला त्यांनी भिंतीला हात टेकला. पुढच्या वेळी पुसते, म्हणाल्या. ती पुढची वेळ आलीच नाही.

"नियमाने मी तेव्हाच पुसायला हवा होता," बाई म्हणाल्या. "दर खेपेला ब्रश हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. आता वरून दगडाचा थर धरायला लागलाय. राहू दिला तर कायमचा आत राहील. तुम्ही म्हणाल तसं करू."

कायमचा. काकांनी आपला पंजा त्या पंजासमोर धरला, न टेकवता. आपण जाऊ, घर पडेल, आपलं नाव घेणारं कोणी उरणार नाही, आणि हिचा हात इथे असाच राहील. कोणाच्या बायकोचं असं झालं असेल? राहू दे, असं म्हणायला ओठ हललेसुद्धा.

पण इतकी वर्षं दुसऱ्यांचे डाग घासत गुडघे झिजवले होते तिने. स्वतःचा राहिलेला पाहून तिने काय म्हटलं असतं, ते काकांना चांगलंच ठाऊक होतं.

"तिला चालायचं नाही," ते म्हणाले. "द्या ब्रश."

पाणी मारत ते मनगटाकडून घासत गेले. गढूळ ओघळ दगडावर उतरू नये म्हणून बसवाला खाली स्पंज धरून होता. करंगळी त्यांनी शेवटी ठेवली. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. खालून दगड निघाला तो दुधासारखा. वरून एक थेंब ओघळला आणि त्या जागेवरून न अडखळता खाली गेला.

बाहेर मालक गाडीला टेकून उभा होता. काकांचा अवतार बघून तो हसला आणि सौदा पक्का करायला त्याने हात पुढे केला.

"टेकडी द्यायची नाही," काका म्हणाले.

तो काय झालं, का झालं विचारत राहिला. काकांचा उजवा तळवा तांबड्या चिखलाने भरलेला होता. तो त्यांनी छातीशी धरला आणि घरी जाईपर्यंत कशालाही लागू दिला नाही.