देवीच्या लशीची रांग

ताजमीर खान यांनी तो पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला, तेव्हा आम्ही अमेरिकेतल्या हर्नडनच्या वाचनालयात खिडकीजवळच्या आमच्या नेहमीच्या टेबलाशी बसलो होतो. डबा कधीकाळी बिस्किटांचा असावा. झाकणावरचे चित्र घासून गेले होते. आत बटर पेपरच्या पाकिटांमध्ये जुन्या फिल्मच्या निगेटिव्ह होत्या.

"उस्ताद," ते म्हणाले, "यात कुठेतरी माझी आई आहे. कुठे, ते मला ठाऊक नाही."

खानसाहेब आमच्या पलीकडच्या ओळीतल्या टाउनहाउसमध्ये मुलाकडे राहतात. ते पेशावरजवळच्या चारसद्द्याचे पठाण. स्वतःला ते पख्तून म्हणवतात आणि कोणी पठाण म्हटले तर हसून दुरुस्ती करतात. व्हर्जिनियात येऊन त्यांना चाळीस वर्षे झाली. त्यातली बहुतेक त्यांनी विमानतळावर टॅक्सी चालवण्यात काढली. मी आणि नंदा अलीकडे अरुणकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, कायमचे राहायला आलो. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेल्या पायवाटेवर फिरताना आमची ओळख झाली. माझी हिंदी पुण्याची आणि त्यांची उर्दू टॅक्सीतली, त्यामुळे व्याकरणावरून आमचा कधी वाद झाला नाही. मी तंत्रनिकेतनात मुद्रणाची पदविका घेतली आणि पुढे सगळी नोकरी एका कॅलेंडर छापणाऱ्या प्रेसच्या कॅमेरा विभागात केली, हे कळल्या दिवसापासून त्यांनी मला उस्ताद म्हणायला सुरुवात केली.

डब्याची हकिकत अशी होती. त्यांचे वडील सरकारी प्रसिद्धी खात्यात फोटोग्राफर होते. पाकिस्तान हा देश तेव्हा चार-पाच वर्षांचा होता, आणि नव्या देशात जे जे नवे घडत होते त्याचे फोटो काढणे हे त्यांचे काम होते. छापील प्रती खात्याकडे जात. नको असलेल्या निगेटिव्ह मात्र ते घरी आणून डब्यात ठेवत. खानसाहेब तीन वर्षांचे असताना त्यांची आई वारली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. पख्तून घरातल्या बाईचा फोटो काढणे त्या काळी रीतीला धरून नव्हते, मग तिचा नवरा स्वतः फोटोग्राफर असला तरी. वडिलांनी पुढे तो विषय कधी काढला नाही आणि मुलाने कधी विचारले नाही.

"पण तरोर म्हणते, एकदा काढला होता," खानसाहेब म्हणाले. तरोर म्हणजे आत्या. ती नव्वदीला टेकलेली होती आणि अजून चारसद्द्यातच राहत होती. "सरकारी कॅमेऱ्याने, सरकारी फिल्मवर. याच डब्यात आहे म्हणते. आईचा चेहरा आठवणारी आता तीच एक उरली आहे. ती आहे तोवर हे व्हायला हवं."

मी डबा घरी आणला.

या कामाची एक ठरलेली पद्धत असते आणि मी ती सोडली नाही. हातात सुती मोजे घालायचे, निगेटिव्ह कडेने धरायची, मऊ ब्रशने धूळ झाडायची. मग उजेडाच्या पेटीवर ठेवून तिची पाहणी करायची, स्कॅन करायचे आणि मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या प्रतीवरच काम करायचे. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, हा नियम मी प्रेसमध्ये कित्येक शिकाऊ पोरांच्या गळी उतरवला होता.

स्क्रीनवर एक एक करून तो जुना काळ उघडत गेला. काबूल नदीवर धरणासाठी चाललेली मोजणी. शाळेच्या अंगणात झेंडा वर चढताना तोंड उघडे टाकून पाहणारी मुले. एका हुजऱ्यात, म्हणजे गावातल्या पुरुषांच्या बैठकीच्या जागेत, नव्या रेडिओभोवती खाटांवर बसलेले दाढीवाले. त्यातल्या एकाने रेडिओलाही चहाचा पेला देऊ केला होता. नवे टपाल कार्यालय आणि त्याच्या दारात एकटाच उभा असलेला अतिशय गंभीर पोस्टमास्तर. फोटो काढणाऱ्याला माणसांची गंमत कळत होती, आणि ती दाखवताना त्याने कोणाचीही थट्टा केली नव्हती. मला तो माणूस आवडू लागला.

बायका फक्त एकाच फोटोत होत्या. गावात देवीची लस टोचायला पथक आले होते. मातीच्या भिंतीलगत वीसेक बायकांची रांग, बहुतेकींच्या कडेवर मुले. बऱ्याच जणींनी चादर ओढून चेहरा झाकला होता. पाच-सहा जणींचे चेहरे मात्र उघडे होते.

निगेटिव्ह जुनी आणि सोसलेली होती. निगेटिव्हवर जिथे बारीक छिद्र पडते तिथे प्रतीवर काळा ठिपका उमटतो. आम्ही त्याला पिनहोल म्हणत असू. या निगेटिव्हवर अशी पिनहोल पुष्कळ होती: आकाशात, भिंतीवर, कपड्यांवर, आणि दोघीतिघींच्या चेहऱ्यांवरही. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या गालावर ठिपका राहिला तर मालक अख्खी छपाई थांबवत. त्या शिस्तीत माझा हात तयार झालेला. मी एकही ठिपका शिल्लक ठेवला नाही. नंतर प्रत्येक उघडा चेहरा स्वतंत्र कापून मोठा केला, त्यांना क्रमांक दिले आणि खानसाहेबांची नात पलवशा हिच्याकडे पाठवून दिले.

पलवशा इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. पणजोबांच्या फोटोंचे प्रदर्शन वाचनालयात भरवायची कल्पना तिचीच. तिने चेहरे आत्याला पाठवले आणि शनिवारी सकाळी आम्हाला चहाला बोलावून व्हिडिओ कॉल लावला. नंदाही माझ्याबरोबर आली होती, आणि परत द्यायला मी डबाही आणला होता.

पडद्यावर आत्याचे कपाळ आणि छत दिसत होते. "फोन खाली धर, तरोर," खानसाहेब सांगत राहिले. अखेर ती दिसली. डोळे बारीक करून तिने सगळे चेहरे पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले आणि पश्तोत काहीतरी थोडक्यात बोलून मान हलवली.

"शी सेज नो," पलवशा म्हणाली. "नन ऑफ देम. म्हणते, या कुणीतरी शहरातल्या बायका आहेत."

"नीट पाहिलं का त्यांनी?" मी विचारले. "वयामुळे विसरल्या असतील."

"ती विसरत नाही," खानसाहेब म्हणाले. "सहा वर्षांचा असताना मी तिचा आरसा फोडला होता. दर ईदला अजून आठवण करून देते." त्यांनी माझ्या पेल्यात पुन्हा हिरवा चहा ओतला. "जाऊ द्या, उस्ताद. तुम्ही फार मेहनत घेतलीत. बाकीचे फोटो तर सोन्यासारखे निघाले."

ते हसले, पण डब्याचे झाकण त्यांनी सावकाश लावले.

दोन-तीन दिवसांनी नंदा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. खरे सांगायचे तर मला थोडे कौतुक हवे होते. काम हुकले तरी कारागिरी चांगली झाली होती, असे माझे मत होते. एका बाजूला मूळ स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला माझी स्वच्छ केलेली प्रत असे मी तिला दाखवले.

तिने चष्मा वर सरकवला. "ही आधीची बरी होती."

"अगं, आधीची डागाळलेली आहे."

"डाग भिंतीवर आहेत, ते काढलेत ते बरं केलंत. पण हिचं गोंदण कशाला पुसलंत?"

"गोंदण?"

"मग काय?" तिने मेथीची काडीच पडद्यावर टेकवली. "हनुवटीवर तीन ठिपके, खाली एक, वर दोन. आणि भुवयांच्या मध्ये एक. छिद्रं काय अशी मोजून मापून पडतात होय? तुमच्या मालतीमावशींच्या हनुवटीवर असंच होतं. लग्नात पाया पडताना मी तेवढंच बघत होते."

मी मूळ स्कॅन मोठा केला. भिंतीवरची छिद्रे वाकडीतिकडी, लहानमोठी, विखुरलेली होती. हनुवटीवरचे तीन ठिपके एका मापाचे, एका अंतरावर आणि कडेला किंचित पसरलेले होते. शाई कातडीत उतरली की पसरते तसे. हे ओळखायला पदविका लागत नव्हती. पदविका असल्यामुळेच ते मला दिसले नव्हते.

"तुम्हाला देवीच रंगवायची सवय," नंदा म्हणाली आणि मेथीकडे वळली. "माणसांच्या बायकांना डाग असतात हो."

मी खानसाहेबांना फोन लावला आणि आढेवेढे न घेता विचारले, "तुमच्याकडे बायका चेहऱ्यावर गोंदवून घेत?"

"शीन खाल," ते म्हणाले. "हिरवे ठिपके. जुन्या बायका घेत. का?"

"मी ते पुसले."

मग मला त्यांचे हसणे ऐकू आले, आधी दबके आणि मग मोकळे. "उस्ताद, सत्तर वर्षं त्या डब्यात वाळवी गेली नाही, पाणी गेलं नाही. तुम्ही मात्र एका आठवड्यात माझ्या आईचा चेहरा धुऊन काढलात."

"मूळ स्कॅन आहे," मी म्हणालो. "त्याला मी हात लावलेला नाही."

"मग अजून घरात का बसला आहात? या."

यावेळी मी चेहरे कापले नाहीत आणि क्रमांकही दिले नाहीत. अख्खी रांग, भिंतीसह, छिद्रांसह, होती तशी पाठवली. आत्याच्या नातवाने ती टीव्हीच्या पडद्यावर लावली होती. तिकडे संध्याकाळ होती. आत्या खाटेवरून उठली, काठी न घेता टीव्हीपर्यंत गेली आणि पडद्यावर बोट ठेवले. मग बोलू लागली ती थांबेचना. पलवशाला भाषांतर करताना दम लागत होता.

"ओके, ओके, स्लो डाउन, तरोर. म्हणते, ही बघ, ही तुझी आई. आणि तिच्या शेजारी ही, चेहरा झाकलेली, ही मी. सतरा वर्षांची होते. म्हणते, मी हिला कोपराने ढोसत होते, की चादर ओढ, फोटो सरकारकडे जाणार. तर ही म्हणाली…" पलवशा थांबली. तिने पुन्हा पश्तोत विचारले आणि उत्तर ऐकले. "ही म्हणाली, सरकारी फोटो असेल तुझ्यासाठी. कॅमेऱ्यामागे माझा नवरा आहे. त्याच्यापासून कसला पडदा?"

खानसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. रांगेतल्या बाकीच्या उघड्या चेहऱ्यांच्या बायका वृद्ध तरी होत्या, नाहीतर भलतीकडे पाहत होत्या. ही तरुण बाई एकटीच सरळ कॅमेऱ्यात पाहत होती. ती हसत नव्हती, पण हसू आवरलेले कळत होते. प्रसिद्धी खात्याने हा फोटो का नाकारला असेल, ते मला आता समजले: बाकीची रांग किंचित अस्पष्ट होती. फोकस तिच्यावर होता.

"आणि कडेवरचं हे रडणारं बाळ कोण?" नंदाने विचारले. "केवढा जबडा उघडलाय."

पलवशाने ते आत्याला विचारले. आत्या काय म्हणाली ते समजायला कोणालाच भाषांतर लागले नाही. तिने थेट खानसाहेबांकडे बोट केले.

"सुई टोचल्यावर हसायला हवं होतं का, भाभी?" खानसाहेब म्हणाले.

"सुई अजून टोचलेली नाही," मी म्हणालो. "डॉक्टर रांगेच्या त्या टोकाला आहे."

"पाहा. उस्तादांना आता सगळं दिसायला लागलं."

एप्रिलमध्ये वाचनालयात प्रदर्शन भरले. रांगेच्या फोटोतल्या भिंतीवरची छिद्रे मी काढली, चेहऱ्यांना हात लावला नाही. त्या फोटोचा आकार किती ठेवायचा, यावर आजोबा आणि नातीचा बराच वाद झाला. पलवशाला तो सर्वांत मोठा हवा होता आणि खाली पणजीचे नाव हवे होते. खानसाहेबांनी आकार मान्य केला, नाव केले नाही.

"बाबा, शी हॅज अ नेम. इट्स ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह." आजोबांना ती बाबा म्हणे.

"नाव आहे. भिंतीवर लावायचं नाही. ती स्वतः उभी आहे ना तिथे."

"नाव घेतलं नाही म्हणूनच तर ती इतकी वर्षं सापडली नाही."

चिठ्ठीवर शेवटी एवढेच लिहिले गेले: देवीच्या लशीची रांग, चारसद्दा, १९५२.

गर्दी चांगली झाली. काही अफगाण कुटुंबे आली, अरुणच्या ऑफिसातले लोक आले. खानसाहेब प्रत्येक फोटोपाशी उभे राहून रेडिओची, पोस्टमास्तराची गोष्ट सांगत होते. रांगेच्या फोटोपाशी आले की लशीविषयी बोलत आणि पुढे सरकत. मी पाहत होतो; लोकांना त्यांनी तिच्याविषयी काही सांगितले नाही, पण दर वेळी ते बाकीच्या फोटोंपेक्षा तिथे जरा जास्त थांबत.

लोक पांगल्यावर नंदा त्या फोटोसमोर बाकावर बसली. पाय दुखत होते तिचे. खानसाहेब तिच्या शेजारी, मध्ये रीतसर अंतर ठेवून, बसले.

"किती धीट होती हो," नंदा म्हणाली. "आमच्याकडे असती तर सासूने घरात बोलणी खाऊ घातली असती."

"आमच्याकडेही खाल्ली असतील, भाभी."

"नाव काय होतं त्यांचं?"

पलवशा खुर्च्या आवरत होती, तिचे हात थांबले. खानसाहेबांनी फोटोकडे पाहिले, मग नंदाकडे.

"मर्घलरा," ते म्हणाले. "म्हणजे मोती."

"मरगलारा?"

"मर्घलरा. घ घशातून."

"मर्घलरा," नंदा म्हणाली.

"हां," खानसाहेब म्हणाले. "आता बरोबर. आणखी एकदा म्हणा."