मिस्त्रीचा अंगठा

ताईचं गवत कापायचं मशीन महिन्याभरात तिसऱ्यांदा दुकानात आलं, तेव्हा मिस्त्रीच्या कपाळावर आठ्या पडल्या. ताई त्याची सख्खी थोरली बहीण. दवाखान्याच्या आवारातलं गवत कापायचं काम तिच्याकडे होतं, आणि मशीन चालता चालता मध्येच आचके देऊन बंद पडत होतं.

"पुन्हा मिसिंग मारतंय," ती म्हणाली. "मुकादम म्हणालेत, आज बंद पडलं तर उद्यापासून काम दुसऱ्याला."

मिस्त्रीने दोरी ओढली. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर इंजिन शहाण्या मुलासारखं चालू झालं. त्याने एक डोळा मिटला आणि नाडी बघावी तसा अंगठा प्लगच्या टोपीवर टेकवून कानोसा घेतला. इंजिन तपासायची ही त्याची वीस वर्षांची पद्धत, आणि आपल्या हातगुणाचा त्याला भारी अभिमान. दहा मिनिटं झाली, इंजिन एकदाही चुकलं नाही.

"प्लग नवा, कार्बोरेटर साफ, पेट्रोल ताजं," तो म्हणाला. "राग मानू नकोस ताई, पण तूच धसमुसळेपणा करतेस."

"हो तर. लहानपणी तुझी सायकलही मीच मोडली होती ना! चल माझ्याबरोबर. आणि डॉक्टरसाहेब, तिथे हात मागे बांधून उभं राहायचं. रोग्याला जरा मोकळं सोडा."

आवारात मुकादम घड्याळ बघत उभे होते. ताईने मशीन ढकलायला सुरुवात केली. वीसेक पावलांवर जमीन खडबडीत लागली आणि इंजिन फट् फट् करत अडखळलं. ताई थांबली. मिस्त्रीचे हात शिवशिवत होतेच. तो धावला, वाकला, अंगठा टोपीवर गेला, आणि इंजिन सुतासारखं सरळ झालं.

"बघ," ताई म्हणाली, "माहेरचं माणूस दिसलं की दुखणं पळतं याचं."

मिस्त्री हसणार होता, तेवढ्यात त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं. त्याने अंगठा उचलला. फट् फट्. टेकवला, सुरळीत. उचलला, पुन्हा फट् फट्.

त्याने इंजिन बंद करून टोपी काढली. आतला पितळी चिमटा सैल झाला होता. हादरा बसला की ठिणगी गायब, वरून दाबलं की सगळं ठीक. नवा प्लग घालताना त्याने टोपीच्या आत डोकावूनही पाहिलं नव्हतं. महिनाभर बिघाड अंगठ्याखाली दाबून धरायचा आणि तोच शोधत बसायचं, असा उद्योग चालला होता त्याचा. वर बहिणीला धसमुसळी म्हणून मोकळा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पक्कडीने चिमटा आवळला, इंजिन त्याच खडबडीत जागेवर पाच मिनिटं चालवून पाहिलं, आणि बंद केलं. या वेळी अंगठा खिशात होता.

"काय झालं होतं?" मुकादमांनी विचारलं. "बाईंना वापरायला जमत नव्हतं का?"

मुकादमांची स्कूटर दुरुस्तीला मिस्त्रीकडेच यायची. 'जुनं मशीन आहे, चालायचंच' एवढं म्हटलं असतं तरी वेळ मारून नेता आली असती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ताई पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती. चुकलो मी. तिन्ही वेळा."

मुकादमांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "बरं बाई, कुंपणापर्यंतचं आज संपवा. मागची बाजू उद्या घ्या."

एरवी ताईकडे प्रत्येक गोष्टीला टोमणा तयार असायचा. आज तिने फक्त भावाच्या पाठीवर एक थाप मारली. मग तिने मशीन कुंपणाकडे वळवलं आणि दोरी ओढली.