दोन तारखांचे गुण

आनिकाचे सॅटचे, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे, गुण घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असं क्रिस्टाने लेकीला बजावून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी दोघी विक्रीच्या पॅस्ट्या करायला चर्चच्या तळघरात उतरल्या, तर कणीक मळणाऱ्या एका बाईने मान वर करून विचारलं, "बाराशे नव्वद म्हणजे बरे का गं?"

क्रिस्टाने आपल्या आत्याकडे पाहिलं. आयली आत्या सलगम सोलण्यात अगदी गढून गेली होती.

"आत्या, तुला मी विश्वासाने सांगितलं होतं."

"मीही विश्वासानेच सांगितलं. फक्त चर्चमधल्यांना."

अर्ज आज संध्याकाळपर्यंत जायचा होता. मिनेसोटातल्या त्या कॉलेजात आनिकाला इंजिनिअरिंग करायचं होतं, दुसऱ्या कॉलेजचं नाव काढलं तरी तिचं तोंड एवढंसं व्हायचं. अर्ज भरून तयार होता, एकच प्रश्न उरला होता: तुमचे गुण विचारात घ्यावेत का? हो की नाही. 'नाही' म्हटलं तरी बिघडत नाही, असं कॉलेजच म्हणत होतं. पण ते खरं मानायचं, की पाहुणे 'जेवूनच आलोय' म्हणतात तसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्या कॉलेजातल्या मुलांचे गुण तेराशे सत्तरच्या पुढे असतात," क्रिस्टा म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकलेलं भांडं दिसलं की मी तर आधी झाकणच उचलते," आत्या म्हणाली.

"ते सगळ्यांना माहीत आहे."

तेवढ्यात शाळेचे सल्लागार पेल्की सर आपल्या डझनभर पॅस्ट्या न्यायला आले. त्या अजून भट्टीतच होत्या. रिकामं बसू देणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. तिने सरांपुढे लाटलेल्या पाऱ्या आणि सारण ठेवलं. पॅस्टी म्हणजे करंजीची दांडगी बहीण; आत मांस, बटाटा, सलगम आणि कडेला मुरड. सरांची मुरड बघून दोन बायकांनी तोंडं फिरवली.

"तुम्हीच सांगितलंत ना पोरीला, गुण लपव म्हणून?" आत्याने विचारलं.

"लपव नाही म्हणालो. त्यांच्या आकड्यापेक्षा कमी असतील तर पाठवू नये, असा साधारण नियम आहे."

"पण बाराशे नव्वद आले कसे? विषय दोन असतात ना?"

आनिका मान खाली घालून मुरड घालत राहिली. मग म्हणाली, "गणित सातशे तीस. वाचन-लेखन पाचशे साठ."

"पाचशे साठ? तू तर पुस्तक घेतल्याशिवाय जेवत नाहीस."

"ती ऑगस्टची परीक्षा होती, आयली आजी."

ऑगस्टमध्ये आर्वो गेला होता. आत्याचा भाऊ, क्रिस्टाचे वडील. परीक्षेच्या दिवशी त्याला आठवडाही झाला नव्हता. जाऊ नकोस, असं क्रिस्टा दारात उभं राहून म्हणाली होती. आनिका गाडीची किल्ली घेऊन गेली होती.

"आणि मार्चचे?" पेल्की सरांनी विचारलं.

"बाराशे ऐंशी. वाचन सहाशे वीस, गणित सहाशे साठ."

सरांच्या हातातली पॅस्टी तशीच राहिली. "अगं, मला तू नुसती बेरीज सांगितलीस. हे कॉलेज प्रत्येक विषयाचे दोन्ही परीक्षांतले चांगले तेवढे घेतं."

"तेराशे पन्नास," आत्याची बेरीज आधीच झाली होती.

"म्हणजे तरी वीस कमीच," क्रिस्टा म्हणाली.

"कमीच. पण आपल्या शाळेची सरासरी नऊशे साठ आहे, तेही ते बघतात," सर म्हणाले.

"मग 'हो' म्हणायचं?"

"आता मला छातीठोकपणे सांगता येणार नाही."

"वा," आत्या म्हणाली, "एवढं शिकून."

क्रिस्टाने लेकीला बाजूला घेतलं. "नकार आला तर? या वर्षी आणखी नको गं."

"गुण झाकून नकार आला, तर दाखवायला हवे होते असं वाटत राहील. दाखवून आला तर निदान माझं सगळं बघून आला." आनिकाने हात पुसले. "आणि ते सातशे तीस मी नाही झाकणार, आई. आजोबांनी करून घेतलंय ते गणित. शेवटी आवाज गेला होता तरी त्रिकोण चुकला की बोट हलवायचे."

क्रिस्टाने ते बोट पाहिलं होतं. खोलीच्या दारातून, आत न जाता.

"हात नीट धू," ती म्हणाली. "लॅपटॉपला पीठ लागेल."

आनिकाने 'हो'वर खूण केली. अर्जात प्रत्येक विषयापुढे परीक्षेची तारीख लागत होती. वाचनापुढे मार्चची तिने घातली. गणितापुढे तिची बोटं अडली.

"तेवीस ऑगस्ट," क्रिस्टा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला.

अर्ज गेला. पडद्यावर रंगीबेरंगी कपटे उडायला लागले. आत्या चष्मा सावरत पुढे आली.

"एवढ्यात घेतलंसुद्धा?"

"नाही आजी. अर्ज पोचला, एवढंच."

"मग हे उडवतात कशाला?"

"पाठवला म्हणून," क्रिस्टा म्हणाली, आणि शेवटचा कपटा खाली पडेपर्यंत पडद्याकडे बघत राहिली.