पाहुणीचा चमचा

दुसरीच्या ओट्यावर बसून आपली भाजी विकायची आणि वर त्या ओटेवालीचेच आभार मानायचे, याला म्हणे पाहुणा-लेख म्हणतात. माझी धाकटी बहीण नेरिडा वर्षभर हे मला समजावत होती. तिचा स्वतःचा ब्लॉग, ‘शेडातली बरणी’, चांगला होता हो. बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून तर मी तिचं कौतुक कधीच करत नाही. पण वाचणार कोण? आमच्या इकडच्या, ऑस्ट्रेलियातल्या हुऑनच्या खोऱ्यातल्या बाया, त्यांच्या दोन-चार मावश्या, आणि सिडनीतला एक रिकामटेकडा म्हातारा, जो प्रत्येक लेखाखाली स्वतःच्या कुत्र्याबद्दल लिहायचा.

वाचक वाढले तर फळं-भाज्या बरण्यांत भरून टिकवायचे वर्ग तिला शेडात चालवता येणार होते. नाही वाढले, तर ईस्टरनंतर पुन्हा सामन माशांचा कारखाना. त्या गारठ्यात मासे साफ करून करून तिची मनगटं अशी कामातून गेली होती की सकाळी केसांना रबर लावायला मी लागायचे. म्हणून न्यूझीलंडच्या रेविनने, जिचा ब्लॉग हजारो बाया वाचतात, “लिही माझ्याकडे” असं कळवलं, तेव्हा मी, जी नाताळलासुद्धा चर्चची पायरी चढत नाही, मनातल्या मनात देवाचे आभार मानले. तिकडच्या बायकांत रेविन म्हणेल ती पूर्व दिशा.

लेख टोमॅटो बरण्यांत टिकवण्यावर होता. मार्चमधला शनिवार, समुद्राच्या दोन्ही काठांना टोमॅटोंचा नुसता पूर. बायका लेख वाचणार आणि लगेच पातेलं चढवणार. पाहुणीने दिवसभर लेखाखाली बसून प्रत्येकीला नाव घेऊन उत्तर द्यायचं, हा रेविनचा दंडक. नेरिडा सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मी समोर टोमॅटो सोलत होते.

“लॉर्ना, अगं माझ्या ब्लॉगवर शंभर जणींनी नाव नोंदवलं! गेल्या तासाभरात!”

“चहा गार झाला तुझा. शंभर जणी येऊन तो गरम करणार आहेत का?”

ती हसली. किती दिवसांनी हसली होती! आणि मग हसता हसता तिची बोटं थांबली.

“काय झालं?”

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कुणा बाईने साधं विचारलं होतं, “लिटरच्या बरणीला दीड मोठा चमचा लिंबाचा रस म्हणतेस. पण तुझा चमचा तुमच्याकडचा का? तुमचा मोठा असतो ना?”

आमच्या ऑस्ट्रेलियात मापाचा मोठा चमचा वीस मिलीलिटरचा. न्यूझीलंडात पंधराचा, आणि बाकी जगातही पंधराचाच. पण जन्मापासून खणात एकच चमचा पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरा चमचा येणार कुठून? माझ्याही आला नव्हता, आणि लेख मी तीनदा वाचला होता.

“इतकासाच फरक ना गं?” मी म्हटलं.

“लिंबू चवीला नसतं घालत, लॉर्ना.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “त्यांच्या चमच्याने रस कमी पडतो, आणि आंबटपणा कमी पडला तर बंद बरणीत विष तयार होतं. वास येत नाही, फेस येत नाही, काही कळत नाही. खाणाऱ्याचा श्वास बंद पडतो.”

माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली.

तिने रेविनला फोन लावला आणि आवाज मोठा केला. रेविनचा आवाज गोड, लोण्यासारखा.

“हो गं, पाहिलं मी. त्या बाईचा प्रश्न काढून टाकला आणि आकडाही बदलला. झालं.”

“पण ज्यांनी सकाळीच भरल्या त्यांचं काय? वर मोठ्या अक्षरांत लिहू या ना, की–”

“नेरिडा, ऐक. बायका लिंबू पिळताना कधी मोजतात का? थोडं जास्तच पडतं. ऐन हंगामात माझ्या वाचकांना सांगू की माझ्या पानावर विष छापलं? बारा वर्षं लागलीत मला हा विश्वास कमवायला.”

“चूक माझी आहे. माझ्या नावाने लिही.”

“पान माझं आहे, राणी. आज संध्याकाळी सांगणारच होते. दर महिन्याला तुझा एक लेख घ्यायचं ठरवलंय मी. आता एवढ्याशा चमच्यावरून ते घालवू नकोस.”

फोन बंद झाला. मेली कशी बोलली बघा! धमकीसुद्धा साखरेत घोळून दिली.

“तू लिही,” मी म्हटलं. “खड्ड्यात गेली ती रेविन. आत्ताच्या आत्ता लिही.”

“तुला काय जातंय बोलायला?” नेरिडा एकदम कडाडली. “मनगटं माझी आहेत! तिथे बर्फात उभं मला राहायचंय! दर महिन्याला एक लेख म्हणजे कळतं का तुला काय ते?” आणि मग स्वतःशीच म्हणाली, “बायका जास्तच पिळतात. ते खरंय. मीही जास्तच पिळते.”

मी पुन्हा टोमॅटो सोलायला घेतला. मला राग आला होता, आणि तिची कीवही येत होती, आणि या दोन्हींतलं काय तोंडातून बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता.

स्क्रीनवर प्रतिक्रिया पडतच होत्या. वा नेरिडा, छान नेरिडा. मग एक लांबलचक आली, मेरेआना नावाच्या बाईची. त्यांच्या मराएवर, म्हणजे सगळ्या कुळाच्या एकत्र येण्याच्या जागी, पहाटेपासून बायका जमल्या होत्या. ईस्टरला दूरदूरची माणसं येणार, त्या जेवणासाठी साठ बरण्या भरून फळीवर लावून झाल्या होत्या. ‘सगळं अगदी तुझ्या मापाने केलं,’ तिने लिहिलं होतं, ‘चमच्याची कड सुरीने सपाट करून. माझी आजी म्हणते, ही पोरगी आपल्यासारखी आहे, हिचं ऐका.’

नेरिडाने ते मोठ्याने वाचलं. ‘सुरीने सपाट करून’ इथे तिचा आवाज फुटला.

मग जे काही झालं ते फार भराभर झालं. ती लिहायला लागली. आधी मेरेआनाला: ‘माझी चूक झाली. आमचा चमचा मोठा असतो. आज भरलेल्या बरण्या फळीवर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, नाहीतर फेकून द्या. कृपा करून वाचा.’ मग तेच पुढचीला, नाव घेऊन. तेच त्याच्या पुढचीला. दुखऱ्या हातांनी टकटक टकटक. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि नावं वाचून दाखवायला लागले.

फोन वाजला. रेविन. आम्ही उचलला नाही. पुन्हा वाजला.

“पुढचं नाव सांग,” नेरिडा म्हणाली.

“ट्रिक्सी.”

“पुढचं?”

नावं अजून निम्मीसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात पान गेलं. लेख गेला, त्याखालच्या सगळ्या बायका गेल्या, नेरिडाचं नाव गेलं. ‘हे पान उपलब्ध नाही.’ रेविनने सगळं मुळासकट उपटून टाकलं होतं.

“आता सांगू कुणाला?” नेरिडा माझ्याकडे बघत राहिली. “लॉर्ना, त्यांच्या बरण्या भरून झाल्यात. त्या आता परत कशाला येतील त्या पानावर?”

एकच वाट उरली होती. तिच्या स्वतःच्या ब्लॉगवर, सगळ्यांत वर, लाल अक्षरांत तिने लिहून टाकलं. कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त स्वतःचं घेतलं. सकाळपासून जेवढ्या जणींनी तिच्याकडे नाव नोंदवलं होतं तेवढ्यांना ते गेलं. सिडनीच्या म्हाताऱ्यालाही गेलं. आणि मग आम्ही दोघी त्या टेबलाशी बसून राहिलो. मेरेआनाला निरोप मिळाला की त्याआधीच पान गेलं, काही कळायला मार्ग नव्हता. मी चुलीवरचं पातेलं बंद केलं. नेरिडा तोंडावर हात धरून बसली होती, आणि मला तिच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस होत नव्हतं.

बऱ्याच वेळाने पहिली आली. लाल अक्षरांखाली मेरेआनाचं नाव.

‘साठच्या साठ खाली उतरवल्या. बायका तुला शिव्या देतायत आणि मलाही. पहाटेपासून राबल्या होत्या बिचाऱ्या. मीही देतेय, मनापासून. आता माझ्या ओळखीच्या प्रत्येकीला हे पाठवतेय.’

मग आल्या. शेकड्यांनी आल्या. ज्या वाचकांसाठी तिने वर्षभर जीव पाखडला त्या सगळ्या दाराशी, आणि एकेकीच्या तोंडात आग. मूर्ख बाई. खुनी. चमचा धरायची अक्कल नाही आणि शिकवायला निघाली. कुणीतरी लिहिलं, तुझ्या वर्गाला येणारीने आधी मृत्युपत्र करावं. मी ते झाकायला हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला सारला आणि त्या बाईलाही उत्तर लिहिलं: ‘आलात, फार बरं झालं. तुमच्या मैत्रिणींनाही सांगा.’

शेडातले वर्ग काही झाले नाहीत. कोण येणार? ईस्टरनंतरच्या सोमवारी तिने रबरी बूट चढवले आणि मी तिचे केस बांधून दिले. रेविनचा ब्लॉग आहे तसाच चालू आहे, परवा तिने नासपतीच्या मुरंब्याची कृती टाकली.

संध्याकाळी कारखान्यातून आली की नेरिडा गरम पाण्यात हात बुडवून बसते आणि मला लॅपटॉप उघडायला लावते. रेविनच्या त्या पानावर त्या शनिवारी सकाळी हजारो जणी येऊन गेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच अजून आलेल्या नाहीत. मी लाल अक्षरांखालची नवी नावं वाचते. कधी एकही नसतं, त्या रात्री ती नीट जेवत नाही. आणि एखादी आली, कितीही घाणेरडी शिवी हासडत आली, तरी माझी बहीण डोळे मिटून म्हणते, “चला, ही सुटली.”