पांढराशुभ्र स्पंज

डाग दिसला की लाँड्रीवाल्याचे हात शिवशिवायचे. तीस वर्षं लोकांच्या कॉलरी घासल्यावर दुसरं काय होणार? बायकोला उद्या दवाखान्यातून घरी सोडणार होते, आणि तिच्या लाडक्या माशांच्या टाकीत फिल्टरचा स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. गेले तीन आठवडे त्यानं तिनं सांगितल्याप्रमाणे सगळं केलं होतं. चिमूटभर खाणं, दर रविवारी औषध घातलेल्या पाण्यानं चौथा हिस्सा बदलणं. पाचही मासे ठणठणीत होते. "स्पंजला मात्र हात लावू नका," असं तिनं जाताना बजावलं होतं. पण हे ध्यान बघून ती काय म्हणेल? आजवर तिनं त्याची एकही चूक बोलल्याशिवाय सोडली नव्हती.

मग काय, गडी कामाला लागला. मासे बादलीत काढले, खडे उकळत्या पाण्यात टाकले, काच घासली, स्पंज लाँड्रीतल्या साबणानं पांढराशुभ्र केला. टाकी घाईत थेट नळाच्या पाण्यानं भरून मासे सोडले आणि स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायला.

संध्याकाळी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. घाबरून त्यानं शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"साबण लावलात, काका?"

"किती घाण होती, अरे!"

"ती घाण नव्हती हो. पाणी साफ ठेवणारे जीवाणू असतात त्यात. सगळे धुऊन टाकलेत तुम्ही. वर नळाचं क्लोरीन!"

"आता काय करू?"

"स्पंज फेका. बादलीत क्लोरीन मारायचं औषध घाला आणि त्या पाण्यानं टाकीतलं निघेल तेवढं बदला. हवेचा पंप चालू ठेवा. खाणं बंद. बाकी... बघा आता."

त्यानं बादल्यांवर बादल्या ओतल्या. सकाळी चार मासे तरंगत होते, आणि पाचवा, सगळ्यांत म्हातारा, तळाशी आडवा पडून कसाबसा श्वास घेत होता. एवढा मोठा माणूस, पण टाकीसमोर बसून ढसाढसा रडला.

दुपारी मुलगी आईला हाताला धरून घेऊन आली. बायको वाळून अर्धी झाली होती. तिला खुर्चीत बसवल्याबरोबर त्यानं सांगून टाकलं, "मीच मारले गं. स्पंज धुतला." आणि मान खाली घालून तो बोलणी खायला उभा राहिला.

तिनं टाकीकडे एकदा पाहिलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "दमला असाल. बसा जरा."

त्यानं चमकून मुलीकडे पाहिलं. तिनं पटकन तोंड फिरवलं आणि औषधांची पिशवी उगाचच उपसायला लागली. डॉक्टरांनी 'आता घरीच न्या' का म्हटलं, ते त्याला आत्ता कळलं.

"बोल ना गं मला," तो तिच्या पायाशी बसत म्हणाला. "काहीतरी बोल."