लाल दिव्यावरची चिकटपट्टी

मी कॉलरला लावायचा माइक बोलतोय. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पुढे पोचवलं, आज जरा माझं ऐका.

करंगळीच्या नखाएवढं माझं डोकं, त्याला एक वायर आणि वायरीच्या टोकाला कमरेला अडकवायची डबी. डबीवर लाल दिवा आहे. दिवा लागला की मी चालू, विझला की बंद. निदान कारखान्यातून निघालो तेव्हा तरी असंच होतं.

विद्यापीठात सिनेमा आणि टीव्ही शिकणाऱ्या मुलीसाठी तिच्या बाबांनी मला विकत घेतलं. बाबा लिफ्टदुरुस्तीचे मेकॅनिक. दुकानात मला तळहातावर घेऊन ते म्हणाले, "एवढ्याशा जिवाला सगळं ऐकू येतं?" तो माणूस मला तेव्हाच आवडला होता.

विद्यापीठात ध्वनी शिकवणारे एक सर होते. त्यांचा एक माहितीपट फार पूर्वी कुठेतरी गाजला होता, त्यावर अजून त्यांचं भागत होतं. ते सांगायचे, "कट म्हणा, पण माइक बंद करू नका. माणूस खरं बोलतो ते कट झाल्यावर." बावीस मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या मालकिणीने शिवाय माझ्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टीही लावली.

शेवटच्या वर्षाची फिल्म तिने बाबांवरच केली. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून तासभर प्रश्न विचारले. बाबा ताठ बसून छापील उत्तरं देत होते. शेवटी ती म्हणाली, "कट. झालं बाबा, माइक बंद केलाय."

बाबांनी डबीकडे पाहिलं. दिवा दिसत नव्हता. मग ते सैलावले, चहा ओतून घेतला आणि म्हणाले, "एक सांगू? ती लिफ्ट पडली ना, तिचा दोर तपासायची पाळी माझी होती. मी न बघताच सही केली. पाय गेला माझ्या कामावरच्या जोडीदाराचा, आणि ठपकाही त्याच्यावरच आला. तुझ्या आईलाही नाही सांगितलं हे."

मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने टेबलाखालच्या रेकॉर्डरवर आवाज नीट येतोय का ते पाहिलं. नीट येत होता. कामात मी कधी कुचराई केलेली नाही.

फिल्म दाखवली त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी कुबडी घेऊन तो जोडीदार. बाबांनीच त्याला आग्रह करून आणलं होतं. पडद्यावर चहा ओतल्याचा आवाज आला, पाठोपाठ बाबांचा. जोडीदार शेवटपर्यंत बसला. मग कुबडी सावरत उठला आणि म्हणाला, "चांगली केलीय पोरीने." तो पुन्हा त्यांच्या घरी आला नाही. पोरीचा पहिला नंबर आला.

त्या फिल्मवर तिला टीव्हीत नोकरी लागली. वर्गातले बाकीचे कुणी लग्नाचे व्हिडिओ काढतात, कुणी विमा विकतात; हिचं मात्र सोनं झालं. भांडलेल्या घरांना समेटासाठी बोलवायचं आणि मधल्या सुट्टीत ते एकमेकांबद्दल काय बोलतात ते दाखवायचं, असा तिचा कार्यक्रम. अकरा वर्षं मी सख्ख्या भावांच्या, सासवा-सुनांच्या कॉलरवर बसलो. "बंद आहे हं," हे ती इतकं गोड म्हणते की कधीकधी मलाही खरं वाटतं.

घरी बाबा तिच्याशी बोलायचे, पण "हो", "नाही", "जेवलीस का" एवढंच. त्याआधी एकदा तिच्या पिशवीकडे बघून घ्यायचे.

गेल्या महिन्यात ते दवाखान्यात दाखल झाले. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिला मोकळे बोलणारे बाबा हवेसे झाले. ती शूटिंगवरून तशीच आली. डबीवरची चिकटपट्टी तिने ओरबाडून काढली, बटण दाबलं आणि मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बाबा, बघा, दिवा गेलाय. मला शिव्या द्या, पण काहीतरी बोला ना." ती रडत होती आणि पहिल्यांदाच खरं बोलत होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "दिवा तेव्हाही बंदच होता," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. पुढचे चार दिवस ते पाणीसुद्धा खुणेनेच मागत राहिले. मग तेही थांबलं.

सोमवारी ती कामावर गेली. चिकटपट्टीचं नवं रीळ घेऊन.

कॉलरवर असताना मला बोलता येत नाही, सावधही करता येत नाही. तेव्हा माझी एवढीच विनवणी आहे: कधी तुमच्या कॉलरवर मी दिसलो आणि कुणी हसून म्हणालं, "बंद आहे", तर पाणी मागा. तेही खुणेने.